मांडव मोडा म्हणायला काय जातं?

माझे यजमान हवामान कचेरीत होते. समुद्रातल्या बोटींकडून तारा येत, त्यांवरून नकाशावर रेघा काढायच्या आणि पुढे काय होईल ते लिहायचं, हे त्यांचं काम. घाटकोपरच्या आमच्या चाळीत बायका पापड वाळत घालण्याआधी मला विचारायच्या आणि मी ह्यांना. उत्तर ठरलेलं. "पावसाचा संभव आहे." म्हणजे पडणार? "तसं म्हणता येत नाही." मग पडणार नाही? "तसंही म्हणता येत नाही." मी कपाळाला हात लावायची आणि पापड घरात पंख्याखाली पसरायची.

पापडांपुरतं होतं तोवर ठीक होतं. पण प्रकरण माझ्या भाचीच्या लग्नापर्यंत आलं.

माझा थोरला भाऊ मुलुंडला राहायचा. तुळशीची लग्नं उरकली आणि त्याच्या मुलीचं लग्न निघालं, गोरज मुहूर्तावर, घरासमोरच्या मोकळ्या मैदानात. आदल्या दिवशी हे दुपारी कचेरीतून आले ते पानावर बसले आणि भात नुसता चिवडत राहिले.

"समुद्रात वादळ आहे," म्हणाले. "किनाऱ्याकडे वळल्यासारखं दिसतंय."

"किनाऱ्याकडे म्हणजे कुठे?"

"गुजरातपासून रत्नागिरीपर्यंत कुठेही."

"आणि केव्हा?"

"उद्या दुपारनंतर. संभव आहे."

"अहो, उद्या संध्याकाळी मांडवभर माणसं असणार!"

"म्हणून तर घास उतरत नाहीये."

माझं डोकंच फिरलं. ह्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, पण उठून दादाला सांगावं असं काही मनात येत नव्हतं. म्हणे बंदरांना तारा गेल्यात, संध्याकाळी रेडिओवरही सांगतील. मी विचारलं, मुलुंडला कुठलं बंदर आहे? आणि लग्नघरात रेडिओ ऐकत कोण बसलंय?

"आणि नाही आलं तर?" हे हळूच म्हणाले. "गेल्या साली माझं ऐकून दादांनी माथेरान रद्द केलं आणि लख्ख ऊन पडलं. अजून ऐकवतात."

मी पान तसंच झाकून ठेवलं, ह्यांना पायांत चपला घालायला लावल्या आणि मुलुंडला नेलं.

मैदानात बांबू उभे राहिले होते, वर ताडपत्री ताणली होती, आचारी चुलाणं खणत होते. दादा मधोमध उभा राहून सगळ्यांवर ओरडत होता. आम्हाला बघून म्हणाला, "आली का वेधशाळा!" ह्यांनी घसा साफ केला. "दादा, उद्या वेगवान वारे आणि जोरदार सरी, यांचा संभव नाकारता येत नाही."

"म्हणजे वादळ येणार का नाही?"

"तसं निश्चित..."

"ऐकलंस?" दादा माझ्याकडे वळला. "कार्तिकात कसलं गं वादळ? वर बघ, एक तरी ढग आहे का?"

ढग नव्हता, हेच तर दुर्दैव. मला कळेना आधी कुणाच्या डोक्यात नारळ फोडावा, भावाच्या की नवऱ्याच्या. शेवटी ह्यांनाच विचारलं, "तुमची स्वतःची मुलगी असती, तर उद्या तिला ह्या मांडवात उभी केली असती का?"

हे वर ताडपत्रीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही." आणि एवढा एक शब्द सुटल्यावर पुढचेही सुटले. "दादा, उद्या दुपारनंतर ह्या मांडवाखाली कुणी थांबायचं नाही. लग्न पक्क्या छपराखाली लावा. मांडव आजच मोडा. चुलीसुद्धा इथे नकोत."

"आणि तुमचं वादळ नाही आलं तर?"

"तर मला काय वाटेल ते बोला."

दादा नाहीच म्हणत होता. वहिनीने मात्र पदर खोचला, शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं घर गाठलं आणि शाळेची मोठी खोली मागून आणली. दादाने तेवढं मान्य केलं, पण मांडव मोडायचा नाही आणि स्वयंपाक तिथेच होईल, ह्यावर अडून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश कसं धुऊन ठेवल्यासारखं! हे समोर आले की दादा नुसतं वर बोट करायचा. वरमाय शाळा बघून म्हणाली, "इथे लग्न? आमचा मुलगा काय नापास झालाय?" सगळे हसले, आणि मीही हसून घेतलं. करते काय?

दुपार कलली तशी पश्चिमेची बाजू काळवंडली, ताडपत्री फडफडायला लागली. हे तडक चुलाणांपाशी गेले. "आग विझवा आणि शाळेत चला."

आचारी दादाकडे बघायला लागले. "भाजी अर्धी कच्ची आहे," दादा म्हणाला. "कुणी हात लावायचा नाही."

आयुष्यात कधी पक्कं वाक्य न बोललेल्या माझ्या नवऱ्याने पाण्याची घागर उचलली आणि चुलाणावर ओतली. मग दुसरी. राखेचे लोट उठले. शिव्या पुटपुटत आचारी भांडी घेऊन शाळेच्या पडवीत गेले.

नवरी बोहल्यावर उभी राहायच्या आत वारा आला. ताडपत्री फुगली, बांबू कडाकडा मोडले आणि मधला खांब चुलाणांवर आडवा पडला. खिडकीतून ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. दादाने माझा खांदा घट्ट धरला होता. भटजींनी मंगलाष्टकं अक्षरशः ओरडून म्हटली. पावसाच्या आवाजात सावधान एवढंच काय ते ऐकू आलं.

जेवण अर्थात नव्हतंच. रुखवतातले लाडू आणि चिवडा पंगतीत वाढला. तोवर दादा सावरला होता. व्याह्यांना सांगत होता, "मी आधीच ठरवलं होतं, शाळाच बरी." मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोलतील. तर हे लाडू खात म्हणाले, "वादळ वर गुजरातकडे गेलं असणार. आपल्याला नुसती कड लागली. अंदाज थोडा चुकलाच."

मी त्यांच्या हातातला लाडू काढून घेतला.

वरमायेने त्या लग्नातलं कोरडं जेवण पुढे कित्येक वर्षं चारचौघांत काढलं. एकदा एका बारशाला मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो विहीणबाई, त्या मांडवात जेवायला बसला असतात तर खांब डोक्यात पडला असता."

"पण पडला का?" त्या म्हणाल्या. "भाजी मात्र नव्हतीच."