पूंजाभाईने विंधलेला मणी

खंभातच्या अकीकवाल्यांच्या गल्लीत पूंजाभाईइतकं तोंड चालवणारा आणि त्याच्याइतके मणी फोडणारा दुसरा माणूस नव्हता. जीवीबेनच्या संसाराला बावीस वर्षं झाली होती आणि ती सगळी नवऱ्याच्या फुटक्या मण्यांची कारणं ऐकण्यात गेली होती. दगड कच्चा, हवा दमट, शेजारणीची नजर वाईट. हात चुकला, असं कधी झालंच नाही.

हाड, काच, अकीक, त्याला सगळं सारखंच. हाडावर भोक पाडताना सामता फिरवायची धनुकली इतक्या जोरात ओढायचा की करपल्याचा वास घरभर सुटायचा. काच तडकायचीच. अकीक विंधताना वर पाण्याची धार ठेवावी, म्हणजे हिरकणीचं टोक तापत नाही आणि धूळ छातीत जात नाही, एवढं गल्लीतल्या कुणालाही कळे. पूंजाभाईला ते बायकी वाटे. त्याचा बाप त्याच धुळीने खोकून खोकून गेला होता, तरीही.

एका सकाळी जीवीबेनचा भाऊ मावजीभाई बोटाएवढा लाल मणी घेऊन आला. मधोमध पांढरा पट्टा. घासायला तीन आठवडे गेले होते आणि असा दुसरा दगड त्याच्याकडे नव्हता.

“बेन, हा तूच विंध. निम्मा इकडून, निम्मा तिकडून.”

“दोन्हीकडून कोण जातं?” पूंजाभाई खाटेवरून बोलला. “ज्याचा हातावर भरवसा नाही तो.”

“तुमच्या हातावर माझा नाही, पूंजाकुमार,” बहिणीच्या नवऱ्याला कुमार म्हणायची रीत पाळत मावजीभाई म्हणाला आणि गेला.

जीवीबेन पाणी भरून परत आली, तर मणी लाकडी चिमट्यात आणि पूंजाभाईच्या मिशा धुळीने पांढऱ्या. भोक आरपार व्हायला तांदळाएवढा दगड उरला होता. टोक तसंच आरपार गेलं असतं, तर पलीकडच्या तोंडाची खपली उडून मणी वाया गेला असता.

“थांबा!”

“आता निघालंच की!”

“निघतील ते माझ्या भावाचे तीन आठवडे. उठा.”

तिने मणी उन्हाकडे धरला. लाल दगडात वेजाची, त्या अर्धवट भोकाची, सावली दिसली, झोकांड्या खात एका अंगाला गेलेली. त्या अंदाजाने तिने दुसऱ्या तोंडावर मध्यापासून जरा बाजूला बारीक खळगा केला, म्हणजे टोक घसरणार नाही. मग बोरूच्या नळीतून थेंब थेंब पाणी आणि धनुकली अगदी हलकी. शेवटी खालच्या तोंडातून गढूळ पाणी ठिबकलं. मणी शाबूत होता.

संध्याकाळी मावजीभाईने त्यातून दोरा ओवला.

“एका दमात काढला,” पूंजाभाई म्हणाला.

मावजीभाईने दोन्ही तोंडं निरखली. “हे खरबरीत तोंड तुमचं, कुमार. तिकडचं बेनचं.” आणि पुढचे चार मणी त्याने बहिणीच्या ओटीत टाकले.

“मग मी काय करायचं?”

“पाणी घाला,” जीवीबेन म्हणाली. “थेंब थेंब.”

पूंजाभाईने अख्खी वाटी ओतली.