नामदेवची सरळ ओळ

आज बालाघाटच्या डॉक्टरनं मले झोपेची गोळी देली. पाकीट फोडलं अन् माहा लहान भाऊ नामदेव आठवला. डोक्याच्या गोळ्यांनी त्याचे हात थरथरत. धानाच्या रोवण्यात त्याची ओळ वाकडी जाय, बाया हसत. मले लाज वाटे. थरथर हाच रोग समजून मी त्याच्या गोळ्या बंद केल्या.

पंधरा दिवसांनी ओळ दोरीसारखी सरळ आली. चिखलातून तो ओरडला, "दादा, पाह्य माहे हात!"

"आता दिसतं बाबाचं पोरगं!" मी म्हटलं.

तेवढ्यात तो रिकाम्या बांधाकडे वळून म्हणाला, "हौ, येऊन राह्यलो." तिथं कोणीच नव्हतं. मी ऐकलं, पण त्याचे हातच पाहत राह्यलो.

त्याच आठवड्यात तो घरून गेला, सापडलाच नाही. गोळ्यांचं मी आजवर कोणाले सांगितलं नाही.