चुलीची सुट्टी

२१ मार्च. आजचं काम: कॉलेजच्या मुलांना चाकसूच्या अलीकडे एका गावात न्यायचं, त्यांचा म्युझिक व्हिडिओ शूट होऊ द्यायचा आणि संध्याकाळी मुलं आणि कॉलेजचा कॅमेरा, दोन्ही धड परत आणायचं.

मी जयपूरमध्ये लोकेशन मॅनेजर आहे. दिग्दर्शकाला जुनं अंगण हवं असतं, ते मी शोधते. मग मालकाची परवानगी, गाडी कुठे लागेल, वीज कुठून घ्यायची, बाथरूम कुठे, हे सगळं माझ्याकडे. या वेळी घर मुलांनीच फोनवर ठरवलं होतं. कॉलेजला फक्त सोबत कुणी मोठं माणूस हवं होतं.

दिग्दर्शक सायली. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळचे. ती वाढली इथेच. हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. सोमवारी सबमिशन आणि कॅमेरा एकाच दिवसासाठी मिळालेला. गाणं रोनकचं. लिहिणारा तोच, गाणारा तोच, पडद्यावरही तोच. हॉस्टेलमधल्या मुलाला आईच्या हातचा गरम फुलका आठवतो, असं ते गाणं. वर्गातलीच एक मुलगी आईचं काम करणार होती. चूल पेटणार, फुलका फुगणार, धुरातून उन्हाची तिरीप येणार.

"काकू, मतलब, तो धूर म्हणजेच पूर्ण व्हिडिओ आहे," सायली गाडीत म्हणाली.

टोंक रोडवर ट्रॅक्टर भरभरून लोक शीतला मातेच्या मेळ्याला चालले होते. मेळा म्हटल्यावर मी ट्रॅफिकचा विचार केला. चुलीचा नाही.

घर छान होतं. घरच्या सूनबाई कमला हसतमुख. अंगणात सारवलेली चूल. रोनकने लाकडं रचली आणि माचिस मागितली. खाटेवरच्या दादी, म्हणजे कमलाच्या सासूबाई, उठून बसल्या.

"माचिस का क्या करेगा?"

"चूल्हा जलाएँगे, दादी."

"आज?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तूने इनको बताया कोनी?"

"इन्होंने तो बोला चूल्हा चाहिए," कमला म्हणाली. "मैंने कहा ले लो, उस दिन तो खाली ही पड़ा है."

आमच्याकडे महाराष्ट्रात शितळा सप्तमी श्रावणात येते. इथे हा सण होळीनंतर आठवड्याभराने. बास्योडा म्हणतात. स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवायचा आणि आज थंडच खायचं. अख्ख्या गावात चूल नाही, गॅस नाही, चहासुद्धा नाही.

सायलीचा चेहरा उतरला. कॅमेरा सांभाळणारा मुलगा मात्र खूश. "टेन्शन नहीं, मैडम. फॉगर है ना." फॉगर म्हणजे धूर करणारी पेटी, आत एक द्रव तापतो आणि पांढरा धूर निघतो. मी नको म्हणेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं. धूर अंगण भरून भिंतीपलीकडे गेला.

भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर आलं. "दादी, थांकै चूल्हो बळग्यो काईं?" तुमच्याकडे चूल पेटली की काय, असं ती विचारत होती.

दादींनी डोक्यावर हात मारला. "ले. अब साल भर सुनूँगी."

मी पेटी उचलून दारात नेली आणि जमलेल्या बायकांना दाखवली. ही मशीन आहे, चूल बंद आहे, येऊन बघा. त्या खरंच आत येऊन, चुलीत हात घालून, खात्री करून घेऊ लागल्या. दादी तोवर पेटीची तपासणी करत होत्या.

"इसमें कुछ गरम होता है?"

"होता है, दादी," मी खरं ते सांगितलं.

"तो यह भी चूल्हा ही हुआ."

फॉगर गाडीत गेला. रोनक माझ्या कानाशी आला. "मैडम, ना बोल देतीं."

"मुझे इस गाँव में फिर आना है, बेटा."

सायली पायरीवर बसली. "काकू, आता सोमवारी काय दाखवू? बंद चूल?"

"आधी जेवून घे," मी म्हटलं. उपाशी युनिटला कधीच काही सुचत नाही, हा माझा अनुभव आहे.

कमलाने ताकातली बाजरीची राबडी, गोड पुए, दही वाढलं. सगळं गार. खात्री करायला आलेल्या बायकाही तिथेच टेकल्या. भर सकाळी सगळ्या पाय पसरून बसलेल्या. रोनकचं गाणं ऐकून कमला त्याला म्हणाली, "भैया, तेरे गाने में माँ रोटी पे रोटी सेंक रही है. बैठती कब है?"

"वो... दूसरे अंतरे में."

"दूसरे अंतरे में भी बेल ही रही है," सायली म्हणाली.

बायका जोरात हसल्या. "हमारी तो आज बैठी है," त्यातली एक कमलाकडे बोट दाखवून म्हणाली. सायलीने वाटी खाली ठेवली आणि कमलाच्या पसरलेल्या पायांकडे, मागच्या थंड चुलीकडे बघत राहिली.

"काकू, मला हेच शूट करायचंय."

अडचण गाण्याची होती. शूटिंगच्या वेळी गाणं स्पीकरवर लावतात आणि नट त्यावर ओठ हलवतो. शब्द बदलले तर जुन्या गाण्यावर ओठ जुळणार नाहीत. मग कामापुरतं कच्चं गाणं लागतं, त्याला गाईड ट्रॅक म्हणतात. रोनक कुरकुरला. "मेरा हुक ही फुलका है." हुक म्हणजे गाण्यात परत परत येणारी, लक्षात राहणारी ओळ. बायकांनी त्याला दुसरा हुक दिला: आज चूल्हे की छुट्टी है. त्याने तोंड वाकडं करून तो दोनदा गुणगुणला आणि तिसऱ्यांदा मान डोलवायला लागला. गाडीच्या काचा वर करून मी त्याला आत बसवलं. मोबाइलवर ट्रॅक झाला. ऊन उतरेपर्यंत शूटिंग चाललं. आईचं काम करणार होती ती मुलगी क्लॅपची पाटी धरून उभी राहिली, आई कमलाच झाली. चुलीच्या उबेची सवय असलेली मांजर थंड राखेत झोपली होती, तिचाही क्लोजअप घेतला.

निघताना दादींनी सायलीचा दंड धरला. "बाद में कंप्यूटर से धुआँ मत डाल देना."

"नहीं डालूँगी, दादी."

सोमवारी परीक्षकांनी विचारलं, व्हिडिओभर चूल आहे पण ती पेटत नाही, ही कल्पना कुठे सुचली? सायली म्हणाली, "लोकेशनवर." पास झाली.

मी मात्र शूटच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कामाला लागले. एका जाहिरातीसाठी सी-स्कीममधल्या कॅफेच्या मालकाला फोन केला. ते उत्साहाने म्हणाले, "गुरुवार को आ जाइए मैडम, हम बिलकुल खाली हैं."

"क्यों खाली हैं?" मी विचारलं.

"जी, उस दिन बाहर सड़क खुदेगी."

मी पुढचा नंबर लावला.