अंगावर धातू नको

सपाट पडद्याचा टीव्ही उघडण्याआधी काय करावे, हे मी पुष्कळांना शिकवले आहे, आणि सुरुवात नेहमी एकाच वाक्याने केली आहे: अंगावर धातू नको. अंगठी, घड्याळ, साखळी, बांगडी, सारे उतरवून ठेवायचे. कारण साधे आहे. आपण वाकतो, गळ्यातले खाली लोंबते, आणि खाली पॉवर बोर्ड असतो. त्यावरच्या मोठ्या कपॅसिटरात प्लग काढल्यावरही काही काळ माणसाला फेकून देईल इतका विजेचा दाब साठून राहू शकतो. नियमाला बाई आणि पुरुष सारखेच. पाहणाऱ्यांना मात्र ते सारखे दिसत नाहीत, हे मला अकोटला कळले.

मी मूळची अमरावतीची. शिक्षण विज्ञानाचे, आणि नोकरी नांदगाव खंडेश्वरच्या एका विनाअनुदानित शाळेत. अनुदान आता येईल, मग येईल, असे ऐकत आम्ही तिथे शिकवत राहिलो. लग्न होऊन अकोल्याला आले. यजमानांचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते, पण त्यांचा हात पोट असलेल्या जुन्या टीव्हीवर बसलेला. पहिला सपाट टीव्ही दुकानात आला तेव्हा त्यांनी तो मागून-पुढून पाहिला आणि म्हणाले, "याच्यात तं हात घालाले जागाच नाही. हे तुह्यावालं पुस्तकातलं काम दिसते." मग मी पुन्हा अमरावती गाठली, टीव्ही दुरुस्तीचा अभ्यासक्रम पुरा केला आणि घरोघरी जाऊ लागले. एवढा मोठा पडदा एसटीतून दुकानात आणायचा, तर तो फुटूनच यायचा.

गिऱ्हाइकाच्या घरी गेले की मी भिंतीकडे तोंड करी, मंगळसूत्र आणि बांगड्या काढी, रुमालात गुंडाळून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवी. नियमाची मला लाज नव्हती. लाज होती ती उघड्या गळ्याची. परक्या घरात तसे वावरताना आपण अर्ध्याच कपड्यांत उभ्या आहोत, असे वाटे. कापसाची ती वाईट वर्षे होती. तरुण बाईचे कपाळ मोकळे दिसले की वऱ्हाडात लोक हळू आवाजात एकच विचारीत, "औषध घेतलं काय त्यानं?"

अकोटच्या त्या घरी मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी गेले. दिवस मी निवडला नव्हता, भारनियमनाने निवडला होता. त्या भागात वीज दुपारीच असे, आणि विजेशिवाय शेवटची तपासणी होत नाही. दार घराच्या सुनेने उघडले. माझ्या कपाळापासून गळ्यापर्यंत धुळीसाठी गुंडाळलेला स्कार्फ होता. तिच्या कपाळावर काही नव्हते, हातही रिकामे. प्रश्न माझ्याही ओठांवर आला असावा, कारण तिनेच उत्तर दिले.

"औषध नाही घेतलं, ताई. टेम्पो उलटला. समदे पह्यले तेच विचारतात."

मी मान खाली घातली. त्या दिवसाची लाज तिथूनच सुरू झाली.

टीव्ही मधल्या खोलीत होता. सून पाणी आणायला गेली तेवढ्यात मी नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून मंगळसूत्र-बांगड्या रुमालात ठेवल्या, मग स्कार्फ सोडला. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, तिथे बायका जमू लागल्या होत्या. सुनेला तिकडे काम नव्हते, म्हणून ती माझ्याजवळ बसली. टीव्ही तिच्या नवऱ्याने एका चांगल्या हंगामात आणलेला. वीज जाऊन जोरात परत आली, तेव्हापासून नुसता तांबडा दिवा मिचकावत होता.

"बंद आहे का?" मी विचारले.

"रिमोटनं केला नं बंद."

"रिमोटने तो झोपतो, बंद होत नाही," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले आणि पीन भिंतीतून काढायला लावली. मग आम्ही दोघींनी काचेवर दाब न देता, कडांना धरून, पडदा गोधडीवर पालथा ठेवला. मी रबरी चटईवर मांडी घालून बसले. जोडवी बोर्डापासून लांब असतात म्हणून पायातच राहत, ती साडीच्या काठाखाली गेली. बारीक काम पाहायचे भिंग पट्ट्याने कपाळावर बांधले, त्याखाली टिकली झाकली गेली. हे मी मुद्दाम क्रमाने सांगते आहे, कारण पुढची चूक याच क्रमाने घडली.

मागचे झाकण उघडताना मी तिला स्क्रू सांभाळायला दिले. मी वाटी मागितली होती. तिने ताट आणले आणि जो स्क्रू ज्या कोपऱ्यातला, तो ताटाच्या त्याच कोपऱ्यात ठेवत गेली.

"असे का ठेवलेस?"

"काही लांब हायेत, काही आखूड. उलटसुलट झाले तं लांबवाला आत काहीतरी भोसकन नं?"

झाकणाचा लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो पडद्यालाच भिडतो. हे दुरुस्ती शिकायला येणाऱ्यांना मला नेहमी दोनदा सांगावे लागे.

पुढे साठलेला दाब उतरवायला मी होल्डरमधल्या बल्बच्या दोन तारा मोठ्या कपॅसिटरच्या पायांना लावल्या. बल्ब एकदा लुकलुकला आणि विझला. "बापा! पीन तं काढली होती," ती म्हणाली. मी मीटरने शिल्लक दाब नाही याची खात्री केली, फुगलेले दोन लहान कपॅसिटर बदलले, आणि पीन पुन्हा लावायला सांगितली.

वीज चालू असताना मोजायचे ते एकाच हाताने. मीटरची काळी तार आधीच चिमट्याने अडकवायची, लाल तार उजव्या हातात, आणि डावा हात पाठीमागे. म्हणजे चुकून झटका बसलाच, तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जात नाही. पुरुष तो हात खिशात घालतात. साडीला खिसा नसतो, म्हणून मी तो कमरेला खोचलेल्या पदरात अडकवते. आणखी एक: या वेळी तोंड उघडायचे नाही. बोलताना हात हलतो, टोक घसरते.

नेमके तेव्हाच सुनेने विचारले, "तुमचेही गेले काय, ताई?"

टोक बोर्डावर होते. मी गप्प राहिले.

दारात तिची सासू उभी होती, हातात हळदीकुंकवाचा करंडा. "कायले विचारतं वं तिले? दिसून नाही राहिलं काय?" मग माझ्याकडे वळून, एकदम मऊ आवाजात, "असू दे माय. चूप राय. माणूस बोलत नाही तेच बरं."

करंडा घेऊन ती परत वळली. मला वगळून वळली.

"आत्याबाई," सून घाईने म्हणाली, "मी तेच तं म्हणतो किती दिवसाचं. मले जाऊ द्या कोनतं काम शिकाले. ह्या ताई करून राहिल्या नं?"

"तवा नाही म्हनलं, कारण कोनाच्या घरी धाडू तुले? सवाष्णीच्या घरी तिचा नवरा, तिची सासू. लोकाइचं तोंड कोन धरन? हिच्यापाशी जा. दोघी एका दुखाच्या. हिच्यापाशी धाडतो मी."

सुनेने माझ्याकडे पाहिले. इतका उजळलेला चेहरा मी त्या घरात आतापर्यंत पाहिला नव्हता.

आकडा बरोबर आला. मी टोक उचलले, पीन काढायला लावली. आता बोलता येत होते, आणि मी बोलले नाही. झाकण बसवले. तिने ताटातून एकेक स्क्रू हातात दिला. टीव्ही उभा करून लावला, तशी बाहेरच्या खोलीतून कुणीतरी ओरडले, "लागला वं! मालिका लाव!"

पिशवीत रुमाल होता. तो तसाच ठेवून एसटी स्टँड गाठता आला असता. मी खोटे काहीच बोलले नव्हते, एवढी पळवाट होती. पण शाळेत मी कोऱ्या उत्तराला शून्यच देत असे. आणि ती अकोल्याला येणार होती. दुकानात यजमान बसलेले असणार होते.

मी कपाळावरचे भिंग सोडले. रुमाल उलगडला. त्या दिवशी भिंतीकडे तोंड केले नाही, मंगळसूत्र तिच्यासमोर गळ्यात घातले. मग एकेक बांगडी चढवली, तशा त्या एकमेकींवर वाजल्या. नवरा जिवंत असल्याची लाज वाटू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

सासू परत आली होती. "अवो, हे काय? मंग पह्यलेच नाही सांगाव? संक्रांतीच्या दिवशी सवाष्ण वलांडाले लावली मले!" ती माझ्याहून जास्त ओशाळली होती. तिने घाईघाईने बोट कुंकवात बुडवले आणि माझ्या कपाळाला लावले. तिची सून हातभर अंतरावर, रिकामे ताट धरून उभी होती. मला मान वर करता आली नाही.

"करंट लागू नये म्हणून काढते मी," मी कशीबशी म्हणाले. "अंगावर धातू नको, असा नियम आहे. घरी माझे यजमान आहेत, सासूबाई आहेत."

"मंग नाही जमत," सासू म्हणाली.

यावर सून हसली. कडू हसणे नव्हते ते, थट्टेचेच होते.

"पाहा आत्याबाई, ह्या शिकल्यासवरल्या बाईले रोज काढा लागते, रोज घाला लागते. मले काढाचं कामच नाही. मी तं तयारच हावो."

टीव्हीवर जाहिरात चालू होती. सासूच्या बोटावर कुंकू तसेच होते. ते तिने पदराला पुसले, मग त्या डागाकडे पाहत राहिली.

"सांजच्या गाडीनं वापस येत जाजो," ती म्हणाली. "आन् मुक्काम नाही कराचा."

ती पहिल्यांदा दुकानात आली त्या सकाळी यजमानांनी आपली खुर्ची तिला दिली आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेले, ते बराच वेळ आले नाहीत. समोर एक टीव्ही पालथा ठेवलेला. पहिले वाक्य माझ्या जिभेवर आले आणि तिथेच थांबले. मी दुसऱ्यापासून सुरुवात केली: "प्लग भिंतीतून काढावा." मग सवयीने भिंतीकडे वळले आणि मानेमागे हात नेला.

"तिकडं कायले तोंड करता, ताई? मी पायलेलं हाय नं," ती म्हणाली.

मी वळले. तिने स्क्रूंचे ताट पुढे केले होते. वरचा एक कोपरा तिने मोकळा ठेवला होता.

"ठेवा याच्यात. ज्या जागचं त्या जागी."