कांचनचा वेटिंग पीरियड

औषधाची बाटली थेंबथेंब उतरू लागली की कांचन भुस्कुटेला गुंगी यायची. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात खिडकीजवळची खाट तिची ठरलेलीच होती. बाहेर गुलमोहर, त्यापलीकडे क्वार्टरांच्या पिवळ्या भिंती, आणि डोळे मिटले की तिचं लग्न. स्वप्नात सनई वाजायची, बोटं अजिबात दुखायची नाहीत, पण अंतरपाट काही केल्या खाली यायचा नाही. त्याच्याखालून अच्युतचे बूट तेवढे दिसायचे. बोहल्यावर बूट घालून कोण उभं राहतं, म्हणून ती झोपेतच त्याच्यावर चिडायची.

संधिवातानं तिला कॉलेजातच गाठलं होतं. दर महिन्याचं ते महागडं औषध तिला फुकट मिळे, कारण वडील, दिगंबरराव, कारखान्यात फोरमन होते आणि त्यांच्या मेडिकल कार्डावर ती 'अविवाहित मुलगी' होती. लग्न झालं की नाव कटणार. इतका साधा आणि इतका निर्दय नियम. औषध थांबलं असतं तर हात कायमचे वाकडे व्हायला वेळ लागला नसता.

अच्युत शहराबाहेर, मंडीदीपच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मशिनं दुरुस्त करायचा. शाहपुऱ्याच्या तलावाकाठी त्यानं लग्नाचं विचारलं, तेव्हा कांचन आधी लाजली आणि मग म्हणाली, “तुझ्या विम्यात बायको बसते का?”

बसत नव्हती. असली प्रेमकहाणी टाउनशिपमध्येच घडू जाणे!

मालतीमावशीनं लगेच तोडगा काढला. “उज्जैनला जाऊन गुपचूप उरका. मंगळसूत्र कपाटात ठेव. कुणाला पत्ता लागतोय?”

कांचनला मोह झाला, खोटं कशाला सांगा. पण उभ्या नोकरीत बाबांनी कारखान्याचा एक स्क्रूसुद्धा घरी आणला नव्हता. “माझ्यापायी त्यांना चोर नाही करायचं,” असं तिनं अच्युतला सांगितलं आणि ढसाढसा रडली.

अच्युत मग विमा कंपन्यांचे उंबरठे झिजवत फिरला. बहुतेकांनी आजाराचं नाव ऐकूनच हात झटकले. एक कंपनी कशीबशी तयार झाली. हप्ता दणदणीत, आणि जुन्या आजाराचा खर्च तीन वर्षांनंतरच. तोवर वेटिंग पीरियड.

“म्हणजे तीन वर्षं हप्ते भरायचे, औषध कार्डावरच घ्यायचं,” अच्युत म्हणाला. “मग लग्न.”

“हप्ता मी भरणार, माझ्या शिकवण्यांतून. आणि पॉलिसी माझ्या नावावर.”

अशा रीतीनं त्यांचा मुहूर्त एका विमा कंपनीनं काढला. संध्याकाळी दोघं तलावाला फेरी मारत. सांधे आखडले असले की बाकावर बसून भुट्टा खात. पाण्यात दिवे हलायचे, आणि कांचनला वाटायचं, आपण एका अशा गावात राहायला आलोय जिथे कॅलेंडरच नाही. त्या गावात तिला चक्क बरं वाटायचं. लग्नाची घाई असणाऱ्या मुलीला असं वाटावं, याची लाजही वाटायची.

मुदत संपली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती बाबांबरोबर कार्डावरून नाव कमी करायला ऑफिसात गेली. कटलेलं नाव पुन्हा जोडत नाहीत, आणि कंपनी ऐनवेळी शब्द फिरवणार नाही हे कोण सांगणार? बोटं सकाळपासून ठणकत होती.

बाबांनी पेन उघडलं आणि तसंच हातात धरून बसले. “सही करू ना? अजून विचार कर, बेटा. तू बिनलग्नाची राहिलीस तरी मला जड नाहीस गं.”

“मला आहे जड, बाबा,” कांचन म्हणाली. “करा सही.”

त्यांनी सही केली आणि चष्मा पुसत बसले. टेबलामागच्या कारकून बाबूनं कॉम्प्युटरवर तिचं नाव शोधलं.

“अब किसकी डिपेंडेंट रहेंगी मॅडम? पति का नाम बताइए, लिख देता हूँ।”

“किसी की नहीं,” ती म्हणाली.

बाबूला वाटलं, ही रागावली. ती रागावली नव्हती. तिला भयंकर भीती वाटत होती, आणि त्या भीतीतही असं वाटत होतं की आपण आत्ताच जाग्या झालो. बाबूनं ती जागा कोरी सोडली. बाहेर ऊन होतं. बाबांनी सवयीनं आधाराला हात पुढे केला. तिनं तो धरला, आणि दोघं सावकाश पायऱ्या उतरले.