पोटातली वस्ती

मी इंदूरला माणसाच्या आतड्यातल्या जीवाणूंवर संशोधन करते. हे कळलं की लोक आधी हातातली प्लेट खाली ठेवतात आणि मग स्वतःच्या पोटाचं सांगायला लागतात. इतक्या वर्षांत माझे पेपर मोजकेच छापून आले. किस्से मात्र लॅबच्या फ्रीजरमध्ये मावणार नाहीत इतके साठले.

सुरुवात जुन्या इंदूरपासून. आम्हाला निरोगी माणसांची विष्ठा तपासायची होती आणि ती मागायचं काम माझ्याकडे. पीएचडी नवी, लाज जुनी. पहिल्याच घरी एक काकू भेटल्या. मी डबी पुढे केली. "काकू, यात जरा सँपल हवं होतं. घरचंच." कशाचं, हे सांगायला तोंडच उघडेना. "बस, अभी देते," म्हणून काकू आत गेल्या आणि डबीभर कैरीचं लोणचं घेऊन आल्या. "चाखून बघ. पसंद आलं तर बरणी देईन."

मी थँक यू म्हणून घरी आले. लोणचं उत्तम होतं.

पुढे लाज गेली, ती जरा जास्तच गेली. मावसबहिणीच्या लग्नात शेजारी बसलेल्या एका काकांनी विचारलं, "बेटा, सध्या काय चालू?" मी रंगात येऊन सांगायला लागले. घट्ट, मध्यम, पातळ, असे प्रकार कसे ओळखायचे, हे मी पानातल्या, डाळीत कुस्करलेल्या बाफल्यावर चमच्याने दाखवलं. आमची अर्धी पंगत जेवण टाकून उठली. घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "यापुढे कुणी विचारलं तर बँकेत आहे म्हण."

एका अभ्यासात निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा मी माझंच सँपल दिलं. डब्यांवर नाव नसतं, नुसता कोड. मीटिंगमध्ये आमच्या नितीनने पडद्यावर आलेख लावला. सगळे ठिपके एका जागी आणि एकच पार कोपऱ्यात. "मॅडम, हा माणूस निरोगी नाही वाटत. काय खातो कोण जाणे. इसको हटा दें?"

डाळी खा, भाज्या खा, म्हणून मी गावभर भाषणं देते. दुपारी लॅबमध्ये स्वतः सेव-परमलवर, म्हणजे शेव-चुरमुऱ्यांवर निभावते.

आमचे सर म्हणाले, "हटाव. आणि बिचाऱ्याला डॉक्टरकडे पाठवा."

"पाठवते, सर," मी म्हणाले.

मग एकदा मला चक्क नवा जीवाणू सापडला. त्याचा जीनोम कुठल्याच ओळखीच्या जीवाणूशी जुळेना. मी मनातल्या मनात त्याला इंदूरचं नाव देऊन टाकलं आणि लॅबभर पेढे वाटले. सरांनी पेढा हातातच धरला. "कोरी नळी बघितली?" दर वेळी आम्ही एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची चालवतो. केमिकलमधूनच काही घुसलं असेल तर कळतं. बघितलं. माझा नवा जीवाणू तिथेही होता, आणि भरपूर होता.

"अभिनंदन," सर म्हणाले. "आपल्या पाण्याला पोट आहे." आणि त्यांनी पेढा खाल्ला.

आता हा किस्सा घरचा. बाबा फौजेतून रिटायर झालेले, राहतात महूला. मी मनोजशी त्यांना न विचारता कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून ते त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. मनोज हिंदीवाला, पण माझ्याबरोबर महूला यायचा आणि दारातूनच "जयभीम, बाबा" म्हणायचा. बाबा पेपरचं पान उलटायचे.

मग बाबांना न्यूमोनिया झाला. औषधांनी तो बरा झाला, पण पोटातले चांगले जीवाणूही मेले आणि एक वाईट तेवढा माजला. जुलाब थांबेनात. थांबले तरी औषध बंद केलं की परत सुरू. बाबा वाळून गेले. त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, कुणा निरोगी माणसाच्या विष्ठेतले जीवाणू घेऊन बाबांच्या आतड्यात सोडू. मी नुकतंच अँटिबायोटिक घेतलेलं, मी बाद. आईला शुगर, तीही बाद. मनोजच्या सगळ्या तपासण्या चोख आल्या.

बाबांना मीच सांगितलं. त्यांनी छताकडे बघत विचारलं,

"दुसरं कुणी नाही?"

"नाही, बाबा."

"बरं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

आठवडाभरात जुलाब थांबले. काही दिवसांनी डॉक्टरांनी नेहमीचं जेवण सुरू करायला सांगितलं, तेव्हा आईने भाकरी केली आणि भीतभीत ठेचाही केला. मनोज नेहमीसारखा दारात उभा होता. "जयभीम, बाबा."

बाबांनी ठेच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जावईबापू, तुम्हाला तिखट चालतं का?"

मनोज गडबडला. "चलता है, बाबा. बहुत."

बाबांनी आपलं ताट आईपुढे सरकवलं. "मग वाढ."