डागी माल

पिंपरी पेंढारमध्ये लग्नानंतर एम.एस्सी. करणारी मी काही पहिली सून नसेन, पण पतंगांची चरबी मोजणारी नक्की पहिलीच. टोमॅटोच्या प्लॉटात अळीचे पतंग धरायला कामगंध सापळे लावतात. आत मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासाला नर येतात आणि पिशवीत पडतात. "म्हंजी बायकू न्हाईच तिथं? बिचारे!" असं म्हणून सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

माझ्या प्रोजेक्टसाठी हे पतंग वाळवून वजन करायचं, औषधात चरबी विरघळवायची, पुन्हा वजन करायचं. पावसाळ्यातले आणि थंडीतले, तरणे आणि म्हातारे, सगळे हवेत. पंख झिजला तो म्हातारा. पावसाळ्यातले मी स्वतः गोळा केले. थंडीत माझी परीक्षा आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू अभ्यास कर गं, मी आणते की."

परीक्षेनंतर डबे उघडले तर एकेक पतंग गुबगुबीत! थंडीत चरबी वाढते, हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. मी जाम खूश. मग लक्षात आलं, झिजलेल्या पंखाचा एकही नाही.

"आई, म्हातारे कुठायत?"

"डागी व्हय? ते निवडून फेकले," त्या कौतुकानं म्हणाल्या. "तुझ्या कालिजात फाटका माल कशाला द्यायचा?"

क्रेट भरताना डागी टोमॅटो बाजूला काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. पण माझं डोकंच फिरलं. आमचा प्लॉट उपटून झाला होता आणि प्रोजेक्ट द्यायला पंधरा दिवस उरले होते. "विचारायचं तरी! वर्ष गेलं माझं!" मी ओरडले. मला लगेच वाईट वाटलं, पण तसं म्हणवेना.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर त्या सकाळीच बाहेर पडायच्या. ज्यांचे प्लॉट अजून उभे होते, त्यांच्या सापळ्यांतून वेचत हिंडल्या. शेवटी डबा माझ्यापुढे ठेवला. "घे. एक बी चांगला न्हाई यात."

थंडी असूनही त्या म्हाताऱ्यांत चरबी जवळजवळ नव्हतीच. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम नेमक्या तिथंच थांबल्या. "इतके झिजलेले कुठून मिळवलेस गं? हेच तर सगळ्यात छान झालंय."

"सासूबाईंनी आणले," मी म्हणाले.

घरी आल्या आल्या त्यांना सगळं सांगितलं, ओरडल्याबद्दल माफीही मागितली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आदी फेकले व्हते, ते सांगितलंस का?"

"नाही."

"मंग त्या बाईला एकदा जेवायला बोलव," सासूबाई म्हणाल्या.